बिऱ्हाड कोठे करावे?

अलीकडच्या काही वर्षांत आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत, वाघोलीच्या सदनिकांत, डोंबिवलीत, सुरतेत, किंवा त्याहून दूर हैदराबाद-बंगळूरला पंधरा-वीस वर्षे काढलेली माणसे आता परत येऊ म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीने पुष्कळांना गावी आणून सोडले. त्यांतील बरेच जण वर्षभरात पुन्हा गेले, काही राहिले. जे गेले त्यांच्याही मनात परतण्याचा विचार घर करून बसला. मात्र 'परतावे की नाही' हा प्रश्न आज तेवढा अवघड राहिलेला नाही. 'परतायचे तर नेमके कोठे?' हा प्रश्न खरा अवघड आहे, आणि त्याचा विचार आपल्याकडे फारच थोडा होतो.

आम्ही दोघेही या जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करतो. आमच्यापैकी एकाचे घर घाटावर आहे, दुसऱ्याचे घाटाखाली. जुने विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत भेटतात तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो आणि बहुधा पुढील तीन पर्यायांभोवती फिरतो. वडिलार्जित गावात, जुन्या वाड्याची डागडुजी करून राहावे. तालुक्याच्या गावी नव्या 'ले-आउट'मध्ये प्लॉट घेऊन बांधावे. किंवा आहे तेथेच, मोठ्या शहराच्या कडेला, हप्ते फेडत थांबावे. यांपैकी दुसरा पर्याय सर्वांत लोकप्रिय आहे आणि आमच्या मते तोच बहुतांश कुटुंबांसाठी सर्वांत वाईट आहे. आम्ही ज्याची शिफारस करू इच्छितो तो चौथा पर्याय सहसा कोणाच्या यादीत नसतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहीत आहोत.

साहित्याचे विद्यार्थी म्हणून प्रारंभी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. मराठी कादंबरीने गाव सोडण्याविषयी जितके लिहिले, तितके गावात नव्याने येऊन राहण्याविषयी लिहिलेले नाही. 'बनगरवाडी'तील (१९५५) तरुण मास्तर परक्या वस्तीत जातो, तेथे मिसळतो, पण अखेर दुष्काळ पडतो आणि ती वस्तीच उठते. 'कोसला'चा (१९६३) पांडुरंग पुण्याहून सांगवीस परततो खरा. पण ते परतणे एका पराभूत शिक्षणाचा शेवट म्हणून येते, संसाराचा आरंभ म्हणून नव्हे. नेमाड्यांच्या चांगदेव पाटलाचा तर सारा जन्मच एका गावाहून दुसऱ्या गावी बदलत्या नोकरीमागे फिरण्यात जातो. त्या चतुष्टयातील एका कादंबरीचे 'बिढार' हे नावच पुरेसे बोलके आहे. आमच्याच जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मध्ये (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ शेतीत अडकून पडतो आणि शहराकडे ओढा असलेली त्याची बायको अलका त्या घरात रुजू शकत नाही. ही कादंबरी आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा बहुतेक मुले एकनाथच्या बाजूने बोलतात. मुली मात्र काही वेळ गप्प राहतात आणि मग एखादी हळूच विचारते, की अलकेला त्या घरात दिवसभर करण्यासारखे काय होते? आमच्या प्रस्तुत लेखाचा अर्धा विषय या एका प्रश्नात सामावलेला आहे.

प्रथम भूगोल. बुलढाणा जिल्हा एक नाही, दोन आहेत, असे आम्ही इकडे म्हणतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे घाटावरचे तालुके. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद व संग्रामपूर हे घाटाखालचे. पूर्णा नावाच्या नद्याही दोन. खालची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते, वरची गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे. नकाशावर शेजारी दिसणारी दोन गावे पाण्याच्या हिशेबाने देशाच्या दोन टोकांना जोडलेली असू शकतात. दूर राहणाऱ्या माणसाला 'बुलढाणा जिल्हा' हे एकच नाव ऐकू येते आणि भावाने किंवा मेहुण्याने दाखवलेला प्लॉट तो डोळे मिटून घेतो. वास्तविक पहिली चौकशी पाण्याची व्हावयास हवी.

घाटाखाली पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. तो आमच्या जिल्ह्यापुरता नाही, अकोला व अमरावतीतही आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावांत विहिरीचे व बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. ते पिण्यास तर अयोग्यच, पण शेतीस दिले तरी काही वर्षांत जमीन बिघडवते. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार या पट्ट्यात जुनी आहे. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या प्रारंभी शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा सर्वांची पहिली नजर पाण्याकडेच गेली. पुढे रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले गेले. कारण काहीही असो, या प्रसंगाने एक गोष्ट दाखवून दिली. आपल्या घरात येणारे पाणी व धान्य कोठून येते, हे गाव निवडणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

घाटावर खारेपणा नाही, पण तुटवडा आहे. पैनगंगा आमच्याच डोंगरात, मढजवळ उगम पावते आणि तिच्यावरील येळगावच्या धरणातून बुलढाणा शहराला पाणी मिळते. पाऊस कमी झालेल्या वर्षी उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड येतो, हे बुलढाण्यातील कोणत्याही गृहिणीस विचारावे. देऊळगाव राजाकडे खडकपूर्णा प्रकल्पामुळे परिस्थिती काहीशी बदलली. काही गावांत शेडनेटमधील बीजोत्पादन उभे राहिले आणि त्यातून बायकांच्या हाताला वर्षातील बरेच महिने काम मिळू लागले. तात्पर्य, पाणी ही केवळ सोय नाही. गावात कोणता रोजगार टिकेल आणि कोणाला मिळेल, हेही पाणीच ठरवते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. हल्ली जागेच्या प्रत्येक जाहिरातीत 'समृद्धी महामार्गापासून इतक्या मिनिटांवर' असे छापलेले असते. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि अखेरचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी. आमच्या जिल्ह्यात तो मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. परंतु हा प्रवेशनियंत्रित मार्ग आहे. ठरावीक ठिकाणांखेरीज त्यावर चढता येत नाही आणि उतरताही येत नाही. दुचाकी, तीनचाकी रिक्षा व ट्रॅक्टर यांना तेथे मज्जाव आहे. आता आमच्या जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाजवळ कोणते वाहन असते? मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर. म्हणजे जो रस्ता शेताच्या बांधावरून जातो तो शेताच्या मालकाला वापरता येत नाही. मूळ आराखड्यात महामार्गालगत 'कृषी समृद्धी केंद्रे' या नावाची नवनगरे वसवण्याची कल्पना होती. रस्ता झाला, नगरे वसली नाहीत. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ याच मार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस पेटून पंचवीस माणसे गेली. त्यांत शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला जाणारी तरुण मुले होती. त्या बसला आमच्या जिल्ह्याशी तसे काही कर्तव्य नव्हते. वेगाने जाणाऱ्याला आमचा जिल्हा वाटेत लागतो, एवढेच.

गावाच्या दृष्टीने खरा रस्ता म्हणजे एस.टी. जाते तो रस्ता. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके घाटाखाली आहेत, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासून शंभराहून अधिक वर्षे कागदांतून फिरत आहे. त्यामुळे आमच्याकडे गावाचे भवितव्य बसच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळणारा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आणि मार्च २०२३ पासून महिलांना मिळालेली अर्ध्या तिकिटाची सवलत यांनी जे घडवले ते कोणत्याही द्रुतगती मार्गाने घडवलेले नाही. उलट २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.चा संप चालला, तेव्हा महामारीनंतर नुकत्याच उघडलेल्या महाविद्यालयांत खेड्यांतील मुलींच्या जागा रिकाम्या राहिल्या. मुले कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून येत होती. मुलींना ती मुभा नव्हती. त्यांतील काही जणी पुन्हा वर्गात आल्याच नाहीत. त्यांची लग्ने झाली होती. म्हणून आम्ही सांगतो, गाव पाहावयास जाताना मोटार घेऊन जाऊ नये. एस.टी.ने जावे, आणि शेवटची गाडी किती वाजता परतते ते पाहून यावे. ज्या गावाची शेवटची गाडी दुपारी चारला निघते, त्या गावात तुमच्या मुलीचे शिक्षण बारावीपलीकडे नेणे तुम्हांला रोजची लढाई होऊन बसेल.

येथे अलकेच्या प्रश्नाकडे परत येणे भाग आहे. कुटुंबाचे बिऱ्हाड कोठे व्हावे, हा निर्णय आपल्याकडे कोण घेतो? पुरुष घेतो, फार तर वडीलधाऱ्यांना विचारतो. ज्या बाईला त्या घरात चोवीस तास काढावयाचे असतात तिला बहुधा निर्णय कळवला जातो. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध करून पुरुषांना कठोर प्रश्न विचारले. तेव्हापासून जवळजवळ दीड शतक लोटले, तरी बाईचे पहिले स्थलांतर तिच्या लग्नात आणि दुसरे नवऱ्याच्या नोकरीत, दोन्ही तिला न विचारताच घडतात. परतीचे तिसरे स्थलांतरही तसेच घडावे काय? पुण्याच्या उपनगरात दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईने तेथे पोळीभाजीचा डबा, शिवणकाम, शिकवण्या, एखाद्या दुकानातील नोकरी असे काही ना काही उभे केलेले असते. तिच्या हाती स्वतःचे चार पैसे येतात, ती एकटी बाहेर जाते, तिला तिच्या नावाने ओळखणाऱ्या मैत्रिणी असतात. सासरच्या गावात ती पुन्हा अमक्याची सून होते. नवऱ्याच्या लेखी जे घरी परतणे, ते तिच्या लेखी घर सोडणे असते. ही गोष्ट आमच्या पाहण्यातील परतीच्या बहुतेक प्रयत्नांत निर्णायक ठरलेली आहे. जी कुटुंबे वर्ष-दीड वर्षात पुन्हा शहराकडे गेली, त्यांनी लोकांना शेतीचे कारण सांगितले. घरात कारण वेगळे होते.

आणखी एक प्रश्न आम्ही टाळू इच्छित नाही, कारण तो टाळून गावाविषयी लिहिणे म्हणजे निबंधस्पर्धेसाठी लिहिणे होय. गाव निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर जे प्रहार केले, ते ज्यांनी गावकुसाबाहेरचे जिणे भोगले त्यांच्या वतीने केले होते. शहराकडे जाणे ही कित्येक कुटुंबांसाठी भाकरीइतकीच मानाचीही वाट होती, आजही आहे. म्हणून 'गावाकडे चला' हा उपदेश आम्ही सरसकट करणार नाही. मात्र शहर किंवा तालुका यांबाबतही भ्रम नसावा. तालुक्याच्या गावी भाड्याने खोली मागताना आधी आडनाव विचारले जाते, आडनावावरून उमगले नाही तर 'मूळ गाव कोणते, पाहुणे कोठले' असे विचारले जाते, आणि मग खोली 'कालच दिलेली' असते. आमच्या विद्यार्थ्यांना हे अनुभव दरवर्षी येतात. महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून आपण कोठे आहोत ते समजावे. तेव्हा गावाची परीक्षा करताना पाणी, शाळा, दवाखाना यांबरोबर हेही पाहावे, की त्या गावात नवी माणसे कोणत्या आळीत राहावयास मिळतात. पंगत, पाणवठा आणि स्मशान सर्वांचे एकच आहे काय. आणि ग्रामसभेत कोण बोलते, कोण नुसते बसून असते.

आता लोकप्रिय पर्यायाकडे वळू. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर यांसारख्या कोणत्याही शहराच्या वेशीबाहेर गेलात, की शेतांत पांढरे दगड रोवलेले दिसतात, कमान दिसते, कमानीवर एखाद्या देवाचे किंवा महापुरुषाचे नाव दिसते. हे आमचे नवे उपनगर. या जागेची आकर्षणे आम्ही नाकारत नाही. खासगी दवाखाने जवळ, इंग्रजी माध्यमाची शाळा जवळ, शिकवणी वर्ग जवळ, आणि गावच्या भाऊबंदकीपासून दूर. शेती असेल तर मोटारसायकलने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. तरीही आम्ही या पर्यायाविरुद्ध का आहोत?

एक कारण व्यवहाराचे. असे ले-आउट बहुधा नगरपालिका हद्दीच्या लगत, पण हद्दीबाहेर असतात. नगरपालिका म्हणते आमचे नाही. ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडे निधी नाही. नाली नाही, नळ नाही, कचऱ्याची गाडी नाही, रात्री दिवा नाही. प्रत्येक जण आपापली बोअर खणतो आणि चार वर्षांत सगळ्यांच्या बोअर आटतात. शहराची किंमत मोजून खेड्याच्या गैरसोयी विकत घेतल्या जातात.

दुसरे कारण अधिक खोलचे. अशा वसाहतींत माणसे राहतात, पण वस्ती होत नाही. तेथे पार नाही, बाजार नाही, एकत्र यावे असे निमित्त नाही. म्हातारी माणसे ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत असतात आणि रस्त्यावर कोणी नसते. वेगवेगळ्या गावांहून आलेली कुटुंबे आपापल्या गावच्या यात्रेला, लग्नाला, मतदानाला परत जातात. त्यामुळे ज्या ठिकाणी राहतात त्या ठिकाणाची काळजी करणारा कोणीच उरत नाही. मूळ गावाचीही हानी होते. शिकलेली, चार पैसे बाळगणारी कुटुंबे उठून गेली की जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घटतो. मग वीसहून कमी पट असलेल्या शाळा 'समूह शाळे'त विलीन करण्याचे प्रस्ताव, २०२३ साली आले तसे, येतात आणि जी मुले कोठेही जाऊ शकत नाहीत त्यांचीच शाळा दूर जाते. शिक्षक व प्राध्यापकही याला अपवाद नाहीत. आमच्या पेशातील बहुसंख्य मंडळी शहरात राहून खेड्यात 'अपडाऊन' करतात, आणि ज्या गावात शिकवतात त्या गावाचे होत नाहीत.

मग चौथा पर्याय कोणता? आम्ही त्यास 'बाजाराचे गाव' म्हणतो. धाड, अमडापूर, डोणगाव, जानेफळ, साखरखेर्डा, बिबी, सुलतानपूर, देऊळगाव मही, पिंपळगाव राजा, धामणगाव बढे, आसलगाव, वरवट बकाल ही अशी काही गावे. ही तालुक्याची ठिकाणे नव्हेत आणि वाड्या-वस्त्याही नव्हेत. भोवतालच्या दहा-वीस खेड्यांचा व्यवहार त्यांच्याशी जोडलेला असतो. आठवडी बाजार असतो, माध्यमिक शाळा असते, बँक असते, औषधाचे दुकान असते, चार दिशांना जाणाऱ्या गाड्या असतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती आणि तीत पाचांपैकी जवळजवळ चार माणसे ग्रामीण भागातील होती. या एवढ्या लोकांचा रोजचा संसार तेरा तालुक्यांच्या ठिकाणांनी चालत नाही. तो बाजाराची गावे चालवतात.

परतणाऱ्या कुटुंबासाठी अशा गावाचे लाभ स्पष्ट आहेत. लोकवस्ती पुरेशी मोठी असल्याने नव्या माणसाला थोडे अनोळखी राहता येते. आणि पुरेशी लहान असल्याने दोन वर्षांत त्याला ओळख मिळते. शहरातून शिकून आणलेले कौशल्य, मग ते वीजजोडणीचे असो, यंत्रदुरुस्तीचे असो, शिवणाचे असो वा संगणकाचे, तेथे चालते, कारण गिऱ्हाईक दर आठवड्याला आपण होऊन बाजारात येते. बायकांच्या व्यवसायाला ओसरीपलीकडची जागा मिळते. सासरचे गाव दहा-बारा किलोमीटरवर राहते, शेतीवर लक्ष ठेवता येते, पण चूल वेगळी राहते. घरात सून आणि बाजारात दुकानदार, अशा दोन ओळखी एकाच बाईला सांभाळता येतात. जात येथेही असते, हे उघड आहे. पण बाजारात ज्याची गरज आहे त्याच्याशी सर्वांना बोलावे लागते, आणि अशा बोलण्यातून काही तरी सैल होते असा आमचा अनुभव आहे.

या पर्यायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गंभीर आजारात ही गावे अपुरी पडतात. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, तोवर मोठ्या उपचारांसाठी अकोला किंवा संभाजीनगर गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि अनेक आजारांत आजही नाही. घरात हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर शहराजवळ राहणे हाच शहाणपणा होय. बारावीनंतर मुलांना बाहेर पडावेच लागते. नवरा-बायको दोघांचीही नोकरी संगणकाच्या पडद्यावर चालणारी असेल, तर विजेच्या लपंडावाचा आधी अंदाज घ्यावा. आणि ज्याला शहराची सवय नव्हे, तर खरोखर आवड आहे, त्याने केवळ महागाईला कंटाळून गावी येऊ नये. कंटाळा कोठेही सोबत येतो.

एवढे वाचून एखादे कुटुंब निर्णयाच्या जवळ आले असेल, तर आमची सूचना साधी आहे. प्लॉट घेण्यापूर्वी तेथे भाड्याने राहावे. एक वैशाख आणि एक श्रावण काढावा. वैशाखात पाणी कळते, श्रावणात रस्ता. शाळेत जाऊन इमारत पाहू नये, हजेरीपट पाहावा. आपल्या मुलाच्या वर्गात किती मुली आहेत आणि त्या पुढच्या वर्गात किती उरतात ते पाहावे. आरोग्य केंद्राच्या दारावरील पाटी वाचू नये, रात्री तेथे कोण असते ते विचारावे. आठवडी बाजारात घरातील बाईने एकटीने जाऊन यावे आणि तिला कसे वाटले ते शांतपणे ऐकावे. तिने नाही म्हटले तर दुसरे गाव पाहावे. गावे पुष्कळ आहेत.

ज्यांना हे सारे निवडता येते ते भाग्यवान, याचे भान मात्र सुटू नये. घाटाखाली पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रातील गावकऱ्यांना तीन दशकांपासून दुसऱ्यांनी आखलेल्या गावठाणात जाण्याची वाट पाहावी लागली आहे. पुनर्वसनाच्या कागदांत 'अठरा नागरी सुविधा' अशी एक यादी असते. पाणी, शाळा, रस्ता, नाली, स्मशान असे सारे तीत येते. ती यादी वाईट नाही. पण ती पूर्ण झाली तरी गाव होत नाही, हे तेथील कोणीही म्हातारा सांगेल. आणि ती अपुरी राहिली तर माणसे जुन्या गावातून हलत नाहीत, हेही तो सांगेल. दोन्ही खरे आहे. सुविधा आणि सोबत यांपैकी एकावर संसार चालत नाही.

सिंदखेडच्या जाधवांच्या कन्येने, जिजाऊंनी, उजाड झालेले पुणे पुन्हा वसवले आणि तेथे सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, असे परंपरा सांगते. आज आमच्या जिल्ह्यातील मुले त्या पुण्याच्या कडेकडेला घरे शोधत असतात. त्यात गैर काही नाही. पण त्या परंपरेतील अर्थ आपण विसरलो आहोत. तेथे पाणी, रस्ता, पेठ, सुरक्षितता हे सारे कोणाला तरी आधी आणावे लागले आणि मग माणसे आली. आज बाजाराच्या गावांना काय हवे आहे? संध्याकाळी सातची एक बस, रात्री हजर राहणारा एक डॉक्टर, विज्ञान शाखेसह चालणारे एक कनिष्ठ महाविद्यालय आणि वर्षभर पुरणारे गोड पाणी. समृद्धी महामार्गाच्या खर्चापुढे या मागण्या किती किरकोळ आहेत! त्या पूर्ण झाल्या तर 'परतायचे तर कोठे?' हा प्रश्न विचारण्याची वेळच अनेकांवर येणार नाही, कारण मुळात जावे लागणार नाही.

तोवर ज्यांना परतायचे आहे त्यांनी कमान पाहून भुलू नये. बाजाराच्या दिवशी एखाद्या गावात उतरावे, दिवसभर हिंडावे, आणि शेवटच्या गाडीने परत जावे. गाडी मिळाली तर त्या गावाचा विचार पुढे करावा.